सीटखालची भूक

६ जानेवारी २०२५, सोमवार

कुरुळीला पोचले एकदाची. पहाटे निघाले होते, चाकण चौकात शिरायला दुपारचे तीन वाजले. तिथे तासभर गाडी हलली नाही. एका बाजूला नव्या कोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर, दुसऱ्या बाजूला लोखंडाच्या कॉइल घेऊन उभा ट्रक, आणि मधे माझी पांढरी व्हॅन. आत दोन शेगड्या, तीन पराती, चौतीस डबे, पुस्तकांचं खोकं आणि मी. करिष्मा फोनवर विचारत होती, आई, घाबरलीस का? मी म्हटलं, अगं मजा येते आहे, जत्रेत आल्यासारखं वाटतं.

घरमालक सोपानराव दारात उभे होते. गाडी थांबल्यावर त्यांनी माझ्या मागे वाकून पाहिलं, गाडी कुणी आणली म्हणून. मीच आणली म्हटल्यावर फक्त 'व्हय?' म्हणाले. मग आत जाऊन बायकोला एवढ्या मोठ्याने सांगितलं की मलाही ऐकू आलं, भाडेकरीण बाई डायवर हाय, आता तू बी शीक, मी मागं बसतो.

दोन खोल्या, मागे मोरी, पुढे गाडीपुरती जागा. करिष्मा इथल्या कंपनीत तपासणीला आहे, पार्ट मोजून बघते. तिनेच हे काम जमवलं. तिच्या ओळखीच्या चौतीस मुलांना दुपारचा डबा द्यायचा. कंपनीने वाटलेली एक डायरी तिने मला दिली. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पुड्यांचे कागद आणि तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं यांवर झालं. इतक्या लोकांचं लिहिलेलं वाचलं, आता आपणही चार ओळी लिहून पाहू.

९ जानेवारी, गुरुवार

काम बसलं. पाचला उठते, साडेअकराला डबे गाडीत, साडेबाराला पहिलं गेट. मुलं लातूर, परभणी, बुलढाण्याची. एक जण म्हणाला, मावशी, वरणाला गावाकडचा वास आहे. दुसरा लगेच म्हणाला, वास तुझ्या सॉक्सचा आहे, वरणाला चव असते. पोटभर हसले.

या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दिसतं. सीट थंडीत उबदार लागते, उन्हाळ्यात पोळते. माझा नवरा ज्योतीराम उजवीकडे बसून चालवायचा आणि मी डावीकडे. सत्तावीस वर्षं संसार, त्यातली सोळा या गाडीत. त्याचं तोंड उघडेनासं झालं तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या कुणी करायच्या, म्हणून त्यानेच मला शेतात गाडी शिकवली. डाव्या गालात तंबाखू धरायची सवय होती. आधी तोंड तीन बोटं उघडायचं, मग दोन, मग एक. गेल्या जूनमध्ये तो गेला.

दहाव्याला कावळा शिवला नाही. पाऊण तास नदीवर बसलो. दिरांनी हात जोडून काय काय कबूल केलं, मुलीचं लग्न लावू, गाडी विकणार नाही, सगळं. शेवटी दर्भाचा कावळा केला. वर्ष व्हायचं आहे, म्हणून रोज पहिला घास त्याच्या नावाने बाजूला काढते. इथे छपरावर कावळे येत नाहीत. तेव्हा तो घास एका झाकणात काढून गाडीत डाव्या सीटवर ठेवते. डबे वाटून झाले की कुठल्यातरी कुत्र्याला घालते. बरं वाटतं. कुणीतरी सोबत आहे असं वाटतं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी आणि मिसळीची भाजी. मुलं वेडी झाली. एकाने आईला फोन लावून भाकरी दाखवली.

येताना कुरुळी फाट्यावर एक टेम्पो अचानक आडवा आला. ब्रेक दाबला आणि डाव्या सीटवरचं झाकण उलटलं. घास सीटच्या फटीतून खाली इंजिनवर पडला. घरी येऊन बघू म्हटलं आणि भांड्यांच्या नादात राहून गेलं. जाऊ दे, जळून गेला असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

गाडी आवाज करते आहे. माझ्या सीटखाली नाही, डाव्या. गाडी उभी राहिली, इंजिन मंद झालं की ऐकू येतो. ठकठक नाही, शिट्टी नाही. ओला आवाज आहे. चिखलातून चप्पल ओढावी तसा, मग थोडं थांबून परत. मी सोळा वर्षं या गाडीचे आवाज ऐकते आहे, हा त्यातला नाही.

सोपानराव म्हणाले, फाट्याजवळ कादर म्हणून मिस्त्री हाय, कानानंच गाडी दुरुस्त करतो.

२० जानेवारी, सोमवार

कादरभाई साठीकडचे, दाढी मेंदीची, मूळचे सोलापूरचे. गॅरेजच्या मागेच घर. त्यांची बायको मुमताजभाभी मला पाहून बाहेरच आली. बाई माणूस गाडी घेऊन आल्याचं तिला कौतुक. मी आवाजाबद्दल सांगायला लागले तर कादरभाईंनी हात वर केला. ताई, आधी गाडीला बोलू द्या, तुम्ही मागून बोला. भाभी म्हणाली, मला पण तीस साल हेच सांगतो, माझी बारी अजून आली नाही.

त्यांनी सीट उचलली, हातभर लांब पेचकस घेतला, त्याची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनवर एकेका जागी टेकवत गेले. मग इंजिनवरचा रबरी पट्टा काढून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवलं. आवाज तसाच. म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या कशाचाच तो नव्हता. मग एकेक प्लगची वायर काढली. गाडी थरथरली, आवाज बदलला नाही. म्हणजे इंजिनच्या आतलाही नाही. माणूस हुशार आहे. कुठे आहे हे न शोधता कुठे नाही हे शोधतो.

शेवटी टोक हवेच्या गाळणीच्या डब्यावर टेकवलं आणि तिथेच थांबले. बराच वेळ थांबले. परवा उघडू, म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

डबा उघडला. कादरभाईंना वाटलं होतं तसं उंदराचं घरटं नव्हतं. आत भाकरीचे तुकडे होते. सात-आठ. भोगीच्या भाकरीचे, तीळ दिसत होते.

उंदीर कुरतडतो, कडेला दातांची नक्षी राहते. या तुकड्यांना कडाच नव्हत्या. चोखून चोखून गुळगुळीत झालेले, नदीतल्या गोट्यांसारखे, आणि ओले. लाळेची तार एकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली. कादरभाईंनी चिमट्याने एक उचलला, वास घेतला आणि पटकन बादलीत टाकला. म्हणाले, ताई, तीस वर्षांत पंख्यात मांजर काढलं, रेडिएटरमधून साप काढला, पण हे काय ते मला ठाऊक नाही. मग स्वतःलाच समजावलं, उंदीर म्हातारा असेल, दात पडले असतील.

मला ते तुकडे ओळखीचे होते. शेवटच्या हिवाळ्यात ज्योतीरामच्या उशीखाली मला असेच सापडायचे. चावता येत नसे, तरी तो भाकरीचा तुकडा मागून घ्यायचा, गालात धरायचा, तासभर चोखायचा आणि मला वाईट वाटू नये म्हणून लपवून ठेवायचा. मी ते कागदाने उचलायचे. हाताने नाही. घाण वाटायची.

२५ जानेवारी, शनिवार

गाळणी नवी बसवली. आवाज आहेच. आज गेटवर गाडी बंद केली, किल्ली काढून हातात घेतली, तरी आवाज चालू राहिला. मी तीस मोजले. मग थांबला.

मी भ्याले नाही. खरं लिहायचं तर मला रडू आलं आणि बरं वाटलं. तो असेल तर तो इथे येणार, दुसरीकडे कुठे जाईल?

२८ जानेवारी, मंगळवार

आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

नळी घालायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. मी भाकरी खात होते. त्याने माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग हाताने चावल्यासारखं करून दाखवलं. मला कळलं. तू चावून दे, असं म्हणत होता. पाखरं पिलाला देतात तसं. त्याच्या तोंडाला तेव्हा असा वास यायचा की शेजारीण दारातूनच बोलायची. डाव्या गालाला आतून भोक पडलं होतं. मी 'शी' म्हटलं. एवढंच. आणि ताट घेऊन मोरीत जाऊन बसले. त्याने परत कधी मागितलं नाही. पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घातली आणि मरेपर्यंत त्याच्या जिभेवर काही पडलं नाही.

कावळा का शिवला नाही ते मला नदीवरच कळलं होतं. दीर गाडीचं आणि लग्नाचं कबूल करत होते. कबूल मी करायला हवं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

दिला. डबे वाटून झाल्यावर रस्त्याच्या कडेला, झाडाखाली. दुपारचे दोन. डावी सीट उचलली. भाकरी आणि डाळ नीट बारीक चावली, तळहातावर काढली. माझ्याच तोंडातलं, तरी पाहवेना. गाळणीच्या डब्याला रबराचा नळ आहे, त्याचं तोंड कादरभाईंनी सैल ठेवलं आहे. तिथे घास ठेवला.

ओढून घेतला. मग गिळण्याचा आवाज आला. नीट, पूर्ण, घशातून खाली गेल्याचा. आणि सगळं शांत.

गाडी घरापर्यंत लोण्यासारखी आली. मी वाटेत एकटीच बोलत होते. म्हटलं, चुकले रे, आता रोज देईन.

१ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस आवाज नाही. कादरभाई विचारत होते काय केलं, मी म्हटलं काही नाही, आपोआप गेला. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, आपोआप गेलेला आवाज आपोआप येतो, ताई, तेल बघून जा एकदा.

आज एका घासाने भागलं नाही. तीन लागले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सात घास. माझं जेवण तिथेच संपतं. घरी येऊन भूक नसते. जबडा दुखतो, कानापर्यंत कळ जाते. डाळीला मीठ घातलं की नाही ते मला कळेनासं झालं आहे. मुलं म्हणाली, मावशी, आज खारट.

नळाचं तोंड आतून ओलं असतं. रबर काळं असायला हवं. कडेने गुलाबी झालं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तेल बघायला गेले. कादरभाईंनी तेलाचं झाकण फिरवलं. झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर होता. ते म्हणाले, पाणी मिसळलं की असा होतो. मग बोट लावलं. साय बोटाबरोबर वर आली, ताणली गेली, तुटली नाही. तिच्यात बारीक लाल शिरा होत्या. आणि वास सुटला. तेलाचा नाही. तो वास. गालाचा.

कादरभाई गॅरेजच्या मागे जाऊन ओकले. मुमताजभाभीने लिंबूपाणी आणलं, मग गाडीजवळ आली, नाकाला ओढणी लावली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी नाक धरलं नव्हतं. मी झाकण लावत होते.

ते गाडीपासून दूर उभे राहून बोलले. ताई, हे इंजिन उतरवण्याचं काम नाही, ही गाडी भंगारात द्या, मी तुम्हाला दुसरी शोधून देतो, हात जोडतो. मी म्हटलं, ही माझ्या नवऱ्याची आहे. त्यांनी विचारलं, आत काय घालता तुम्ही? मी गाडी सुरू केली.

९ फेब्रुवारी, रविवार

करिष्माला सुट्टी. तिने मला मोरीत पाहिलं. मी वाटीत घास काढत होते. उद्यासाठी. एका वेळी तेवढं चावणं होत नाही, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवते.

आई, शी, म्हणाली.

अगदी तसंच. माझाच आवाज.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिच्या वडिलांनी काय मागितलं, मी काय केलं, सीटखाली काय आहे. सांगायला नको होतं. ती ऐकत गेली आणि रडत गेली. शेवटी म्हणाली, आई, तू तेव्हा दमली होतीस. मग म्हणाली, पण मी असते तर दिला असता. पप्पांना मी दिला असता.

तिला ते लागलं. मी तिला समजवायला हवं होतं. मला गाडीकडे जायचं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

नळ पुढे आला आहे. सीट उचलली की आपणहून वळतो. तोंड एक बोट उघडं.

घास बोटाने सरकवला तर बोटासकट घेतलं. दुसऱ्या पेरापर्यंत. दात नाहीत, हिरड्या. मऊ, गरम, खरखरीत जीभ. डाव्या बाजूला ती जागा — कडा उलटलेली, मधे भोक. बोट तिथून गेलं. मी ती जागा आठ महिने कापसाने पुसली आहे. चूक होणार नाही.

मी बोट काढून घेतलं नाही. किळस घशापर्यंत आली, ती गिळली. या वेळी तोंड फिरवायचं नाही असं ठरवलं होतं.

बोट धुतलं. तीनदा. वास जात नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुलांचे चार डबे कमी पडले. त्यातलं मी — चावून —

एवढं कधी मागतच नव्हता तो. ज्योतीराम दोन भाकरीचा माणूस. पोट भरलं की ताटावर आडवा हात धरायचा, बस म्हणून. आजारातसुद्धा. नळीतून पेज घालताना बोटं हलवायचा, बस.

हे बस म्हणत नाही.

आज वाटी संपली. मी रिकामा हात दाखवला. तर सीट माझ्याकडे सरकली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मला वाटतं तो नाही. त्याची भूक तेवढी उरली आहे. तिला मी कोण ते माहीत नाही. माझं नाव माहीत नाही, पोरीचं माहीत नाही. फक्त कोण मागे सरत नाही ते कळतं. कादरभाई ओकले, त्यांना काही केलं नाही. भाभीने नाक धरलं, तिला काही नाही.

सकाळी दात घासताना तोंड दोनच बोटं उघडलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कादरभाईंना निरोप पाठवला. ते भंगारवाल्याला घेऊन दुपारीच आले. गाडी सुरू केली नाही, टेम्पोला दोर बांधून ओढली. कादरभाईंनी काचा बंद आहेत ना ते दोनदा पाहिलं. सोपानराव म्हणाले, चांगली गाडी हाय की, कशापायी देताय? मी मान हलवली. जास्त बोलवत नाही.

वळणावर डावी सीट दिसली. उचललेली. मी तोंड फिरवलं.

परत तेच केलं. पण पोर घरात आहे. करावं लागलं.

करिष्माने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि म्हणाली, संपलं आई.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आवाज आहे.

करिष्मा म्हणाली, फ्रिज असेल. बंद केला. पंखा बंद केला. मोरीतला नळ घट्ट केला. शेजारच्यांची मोटर बंद करवली. आवाज तसाच. ती एकेक करत घरभर फिरली, कान लावत. कुठे नाही ते शोधत.

मग माझ्याजवळ आली. गालाला कान लावला. डाव्या.

बराच वेळ तशीच राहिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

करिष्माने चिंचवडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. आत काही नाही म्हणाले. कातडी चांगली, स्नायू आखडलेत. तंबाखू किती वर्षं? मी नाही म्हणून हात हलवला. त्यांनी विश्वास ठेवला नाही. गोळ्या दिल्या. मला लाज वाटेल असा चेहरा करून डॉक्टर मागे सरकले, खिडकी उघडली.

वास मलाही येतो. आता आतून.

एक बोट.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेज घेतली, परत आली. दूध परत आलं. पातळ नको आहे त्याला — मला — 

भाकरीचा तुकडा गालात धरला. चोखते. दिवसभर. भूक एवढी की डोळ्यांना अंधारी येते. करिष्मा खात असते तेव्हा मी तिच्या जबड्याकडे बघते. बघायचं नाही ठरवते.

उशीखाली तीन तुकडे —

तिला सापडले. तिने हाताने उचलले. कागद घेतला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

ती कामावर गेली नाही. स्वयंपाकघरात आहे. मी मागितलं नव्हतं. मी बोट केलं नव्हतं. हात मांडीखाली दाबून बसले होते. पण माझं तोंड तिच्याकडे — आपणहून वळलं —

ऐकू येतंय. चावते आहे. बारीक. सावकाश. भाकरी आणि डाळ.

मी ताट आपटलं. दोनदा. तिला वाटतं मी घाई करते आहे. आले आले म्हणाली.

बोलता येत नाही. लिहिते.

करिष्मा, नको. हे वाच. चावू नकोस. मी जे केलं त्याचं हे फळ नाही, मी जे दिलं त्याचं आहे. 'शी' म्हटलं तेव्हा काही झालं नव्हतं. तूही 'शी' म्हण. दार लाव. मामाकडे जा. मी भुकेने मेले तर मरू दे, इथेच संपेल —

आली. हातात वाटी. वही तिच्यापुढे धरली आहे, लिहिता लिहिता. ती वहीकडे बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघते. नाक धरलेलं नाही. डोळ्यांत पाणी आहे, हसते आहे, मी आहे ना आई म्हणते.

तिला किळस येत नाही. यायला हवी. पोरी, किळस कर, ओक, मागे हो, बोट नको घालूस, हे मी नाही, बोट काढ, मला सोडता येत